छातीवरचा पाय

विनीत आणि अजित एकाच मजल्यावर वाढले. लालबागला चिवडा गल्लीच्या मागे जी जुनी चाळ आहे, तिच्या दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून अजितची खोली आणि गॅलरीच्या पार टोकाला विनीतची. नळ आणि संडास जिन्याच्या बाजूला, त्यामुळे विनीतच्या घरातलं कुणीही बादली घेऊन निघालं की अजितच्या दारावरून जायचं. अजितची आई, कमलकाकी, दाराशी बसून मिरच्यांचे देठ खुडत असायची. नवरा लवकर गेलेला; मसाल्याच्या दुकानातलं काम ती घरी आणायची. विनीत दिसला की मान वर न करता विचारायची, "जेवलंस काय रे?" तो हो म्हणाला तरी ताट पुढे यायचंच.

टीव्ही मोठा होता तो अजितकडे. शाळेत असताना दोघं सोमवारी उजाडायच्या आत उठून त्याच्यासमोर बसत. अमेरिकेत तेव्हा रविवारची रात्र असे आणि तिकडच्या मोठ्या कुस्त्या थेट दिसत. महिनोन्महिने चाललेली भांडणं, दगाबाजी, सूड, सगळ्याचा निकाल त्या एका दिवशी लागायचा. तिकडे लोक तेवढ्या एका कार्यक्रमाचे वेगळे पैसे भरून तो बघतात, त्याला पे-पर-व्ह्यू म्हणतात, हे त्यांना पुढे कळलं. इथे केबलवाला सगळंच दाखवायचा. काकी कूस बदलत झोपायचा प्रयत्न करी आणि शेवटी "मेल्यांनू, आवाज कमी करा" म्हणत चहा टाकी. ही कुस्ती लुटुपुटीची असते, कोण हरणार ते आधी ठरलेलं असतं, हेही त्यांना एका मोठ्या मुलाने ऐकवलं. विनीत दोन दिवस खट्टू होता. अजितला उलट आनंदच झाला. तो म्हणाला, मग तर हे आपल्यालाही जमेल.

आणि जमलं. मंडळाच्या व्यायामशाळेत जुन्या गाद्या टाकून त्यांनी सुरुवात केली. विनीत आडव्या बांध्याचा, पायात जोर असलेला. अजित सडपातळ, हवेत कोलांटी मारून मांजरासारखा उतरणारा. विनीतने उचलायचं, अजितने उडायचं. या खेळात मारायला कमी आणि सांभाळायला जास्त शिकावं लागतं. वरचा माणूस खालच्याच्या हातात आपली मान देतो आणि खालचा ती जपतो, एवढाच त्यातला धर्म. दिवसा विनीत परळच्या एका टॉवरमधल्या जिममध्ये शिकवायचा, अजित कुरिअर कंपनीत होता. संध्याकाळी दोघं गादीवर.

मग त्यांना वरद भेटला. वरद माटुंग्याचा, जाहिरातींच्या धंद्यातून आलेला, स्वच्छ मराठी बोलणारा. त्याने 'रणभूमी' नावाची कुस्तीची कंपनी काढली होती. मॉलमध्ये, कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये तो रिंग लावायचा. त्यात ही जोडी 'गिरणगाव ब्रदर्स' म्हणून उतरली आणि बरीच वर्षं उतरत राहिली. लहान मुलं त्यांच्या नावाने ओरडायची, आईबाप फोटो काढायचे. काकी मात्र एकदाही बघायला आली नाही. पोटच्या पोराला आपटताना बघवत नाही, खोटं असलं तरी, असं तिचं म्हणणं.

एका वर्षी वरदने ठरवलं की आता आपलाही पे-पर-व्ह्यू करायचा. दादरचा एक हॉल घ्यायचा, चार कॅमेरे लावायचे आणि पैसे भरणाऱ्यालाच मोबाइलवर थेट दिसेल असं करायचं. त्याने दोघांना बोलावून घेतलं आणि सरळ सांगितलं की गिरणगाव ब्रदर्सना फुटावं लागेल.

"मैत्री लोक फुकट बघतात," तो म्हणाला. "पैसे मोजतात ते फाटाफूट बघायला."

विनीतने अजितला दगा द्यायचा, असं ठरलं. विनीतला ते रुचलं नाही. त्याला टाळ्यांची सवय होती, शिव्यांची नव्हती. पण अजितला कल्पना फार आवडली. गोष्टी रचायची हौस त्यालाच होती. पुढचे दोन-तीन महिने तो रोज काहीतरी नवीन सुचवायचा आणि त्याचे छोटे व्हिडिओ निघायचे. विनीत अजितचा हात झटकतो. विनीत एकटाच फोटोला उभा राहतो. गिरगाव चौपाटीवर दोघांचं भांडण होतं आणि विनीत पाठ फिरवून चालू लागतो. चाळीतली माणसं गॅलरीत विनीतला अडवून विचारायची, काय रे, खरंच फाटलं की काय तुमचं? आणि दोघं संध्याकाळी काकीच्याच हातची भाकरी एका ताटात खात ते व्हिडिओ बघून हसायचे.

शेवट असा ठरला होता. विनीतने अजितला उलटा धरायचा, त्याचं डोकं आपल्या मांड्यांमध्ये घ्यायचं आणि खाली बसायचं. या डावाला ते आपापसात 'खुंटा' म्हणत. बघणाऱ्याला डोकं जमिनीवर आपटल्यासारखं वाटतं. खरं म्हणजे ते मांड्यांच्या वर राहतं, टेकत नाही. मग विनीतने त्याच्या छातीवर पाय ठेवायचा, रेफरीने तीन मोजायचे, विनीतने दोन्ही हात वर करायचे. खुंटा त्यांनी गादीवर इतक्या वेळा केला होता की झोपेतही चुकला नसता.

तो रविवार आला. संध्याकाळचा कार्यक्रम. हॉल भरला होता. इकडे चाळीच्या चौकात मंडळाच्या मुलांनी पडदा लावला, खुर्च्या मांडल्या आणि सगळ्यांनी मिळून कार्यक्रमाचे पैसे भरले. आपली दोन पोरं पडद्यावर दिसणार म्हणून विनीतचे वडील, रमाकांत, इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. कमलकाकीलाही बायकांनी हाताला धरून खाली आणलं. ती पहिल्यांदाच बघणार होती.

रिंगवरचं कापड त्या दिवशी नवीन होतं. मधोमध जाहिरातदाराचं मोठं चित्र रंगवलेलं, आणि तो रंग घामाने निसरडा होत होता. आधीच्या कुस्त्यांमध्ये एक-दोघं घसरलेही. विनीतने ते पाहिलं होतं. पण कॅमेरे समोर होते, लोक ओरडत होते, आणि ठरलेली जागा मधलीच होती. त्याने अजितला उलटा उचलला. अजितने नेहमीसारखी त्याच्या मांडीला दोन बोटं दाबून खूण केली, मी तयार आहे. विनीत बसायला गेला आणि त्याची उजवी टाच सरकली. हातभराचीसुद्धा गोष्ट नव्हती. पण अजितचं डोकं मांड्यांच्या खाली गेलं आणि दोघांचं वजन त्याच्या मानेवर आलं.

आवाज फार मोठा झाला नाही. लोकांनी टाळ्या पिटल्या. अजित पाठीवर पडला होता, डोळे उघडे. विनीत त्याच्यावर वाकला तेव्हा तो हळूच बोलला, "विन्या, पाय जाणवत नाहीत रे."

विनीतने रेफरीकडे पाहिलं. रेफरी मनू, त्यांच्याबरोबरचाच जुना गडी. त्याच्या कानात वरदचा आवाज येत असे. मनूने डोक्यावर हातांची फुली केली, म्हणजे हे खरं आहे, थांबवा. क्षणभर तो कानातलं ऐकत राहिला. मग विनीतच्या जवळ येऊन म्हणाला, "वरद म्हणतो संपव. तीन मोजतो, लाइट जातील, मग काढू त्याला. पाय ठेव, लवकर."

विनीतला त्या घडीला एवढंच कळलं की कुस्ती लवकर संपली तर अजितला लवकर बाहेर नेतील. त्याने पाय उचलला आणि अजितच्या छातीवर ठेवला. भार दिला नाही. तळवा त्याच्या अंगावरच्या कपड्याला लागेल इतकाच. मनूने तीन मोजले. हात वर करायचे ठरलं होतं आणि हात आपोआप वर गेले. सारा हॉल त्याच्या नावाने शिव्या देत होता, म्हणजे काम चोख झालं होतं. दिवे जायला वेळ लागला. तेवढा वेळ कॅमेरा त्याच दृश्यावर राहिला: खाली अजित, छातीवर पाय, वर विनीतचे दोन हात.

दिवे गेल्यावर विनीत गुडघ्यांवर बसला आणि त्याने अजितचं डोकं दोन्ही हातांत धरलं. डॉक्टर कुठे आहे म्हणून तो ओरडत होता. डॉक्टर नव्हताच. वरदने प्रथमोपचाराची पेटी ठेवली होती. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत विनीत तसाच, हात न हलवता बसून राहिला. पण ते कुणी पाहिलं नाही. तोवर प्रक्षेपण संपलं होतं.

परळच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी मानेचा मणका मोडल्याचं सांगितलं. ऑपरेशन झालं, जीव वाचला. खांद्यांच्या खाली फारसं काही परत येईल अशी आशा ठेवू नका, असं एक तरुण डॉक्टरीण व्हरांड्यात उभी राहून म्हणाली. विनीतने तिला दोनदा विचारलं आणि तिने दोनदा तेच सांगितलं.

काकी बाकावर बसली होती. विनीत तिच्या पायाशी जमिनीवर बसला आणि सांगू लागला: नवीन कापड, रंग, टाच, हे ठरलं नव्हतं. तिने मध्ये तोडलं नाही. त्याचं संपल्यावर म्हणाली, "इतकी वर्षं तुम्ही मला काय सांगत होता? काकी, भिऊ नका, सगळं आधी ठरलेलं असतं. कोण पडणार, कसा पडणार, सगळं."

"हो, पण हे..."

"मग छातीवर पाय ठेवलात तो?"

"तो ठरलेला होता."

काकीने मान हलवली. तिला जे ऐकायचं होतं ते ऐकून झालं होतं. विनीतला त्या वेळी तेवढंच जाणवलं. ती आपल्याला 'तुम्ही' म्हणाली, हे त्याच्या लक्षात आलं ते घरी परतताना, भारतमाता सिनेमाच्या सिग्नलला उभा असताना.

चाळीतही असंच झालं. ही कुस्ती खोटी असते हे माहीत नसतं, तर लोक म्हणाले असते, खेळात लागलं, नशीब त्याचं. पण सगळ्यांना आतली गोष्ट ठाऊक होती. ठरवून होतं ते चुकून कसं होईल, असा त्यांचा प्रश्न. चौपाटीचा व्हिडिओ लोकांनी पुन्हा काढून पाहिला. त्यात त्यांना आता खरा राग दिसायला लागला. छातीवरच्या पायाची क्लिप तर ज्याच्या त्याच्या मोबाइलवर गेली. वरदने कार्यक्रमाचं पुनःप्रक्षेपण चालूच ठेवलं होतं आणि ते पहिल्या दिवसापेक्षा जास्त खपत होतं. टॉवरमधल्या जिमने विनीतला यायला नको म्हणून कळवलं. मेंबरांना अवघड वाटतं म्हणे. रमाकांतनी फक्त एकदा सुचवलं की काही दिवस शीवला आत्याकडे जाऊन राहा. विनीत गेला नाही. पाणी भरायला मात्र तो सगळे निजलेले असत तेव्हाच उठायचा.

अजितला घरी आणलं तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. चौघांनी खुर्चीसकट त्याला दोन जिने वर चढवला. विनीत खाली उभा होता, त्याला कुणी हात लाव म्हटलं नाही. चार दिवस थांबून तो अजितच्या दाराशी गेला. काकी आतून आली.

"या," ती म्हणाली. "बसा. चहा घेता ना?"

तिने कपबशी काढली, ती पाहुण्यांची, कपाटातली. ट्रेमध्ये बिस्किटं ठेवली. विनीत या घरात स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायलेला, मांडीवर ताट घेऊन जेवलेला. दाराबाहेर काढलं असतं तर तो तिथेच पायरीवर बसून राहिला असता, रोज आला असता. पण या आदराला कुठे हात घालावा ते त्याला कळेना. चहा त्याने गरमच पिऊन टाकला. काकी पाणी भरायला गेली तेव्हा अजित पहिल्यांदा बोलला. त्याला त्या दिवसाचं काही आठवत नव्हतं. हॉलमध्ये शिरलेलं आठवत होतं, पुढे एकदम इस्पितळ.

"मी क्लिप बघितली," तो म्हणाला. "माझे ओठ हलतायत त्यात. काय बोललो मी?"

विनीतला खोटं सांगता आलं असतं. तो म्हणाला, "पाय जाणवत नाहीत म्हणालास."

"पाय ठेवायच्या आधी?"

"आधी."

अजितने नजर छताकडे वळवली. मग म्हणाला, "आईला सांगू नकोस." एवढंच. माफ केलं म्हणाला नाही, नाही केलं असंही म्हणाला नाही. काकी कळशी घेऊन आली आणि विनीत उठला.

पुढची गोष्ट अजितनेच काढली. त्याला दिवसभर पंखा आणि भिंत याखेरीज काही दिसत नव्हतं आणि डोकं तर पहिल्यासारखंच चालत होतं. त्याने वरदला फोन लावायला सांगितला आणि सुचवलं की दुसरा पे-पर-व्ह्यू करा. विनीत खलनायक झालाच आहे, आख्ख्या महाराष्ट्रात त्याला शिव्या पडतायत, हे वाया कशाला घालवायचं? दादरचा अर्णव नावाचा नवा मुलगा चांगला उडतो, तो माझ्या वतीने लढेल. मला खुर्चीत रिंगपाशी बसवा. शेवटी विनीत मला डिवचायला खाली उतरेल आणि आई त्याच्या कानाखाली वाजवेल. तो कोलमडेल, अर्णव त्याची पाठ टेकवेल. हॉल फुटेल, अजित म्हणाला. वरदला पटवावं लागलंच नाही. अजितचे हातपाय हलवून घ्यायला जो माणूस यायचा, त्याचा पगार यापुढे कंपनी देईल, इतकं त्याने आपणहून कबूल केलं.

विनीतने नाही म्हणून सांगितलं. मग अजितने त्याला बोलावून घेतलं.

"तू नाही आलास तर ते दुसरा कुणीतरी उभा करतील आणि ते भिकार होईल," तो म्हणाला. "विन्या, मला परत तो आवाज ऐकायचाय रे. आपलं म्युझिक लागल्यावर लोक करतात तो. बाकी माझ्याकडे काय आहे?"

विनीत तयार झाला. खरं सांगायचं तर त्याच्या मनात दुसरंही काही होतं. काकी आपल्याला मारणार आहे, हे कळल्यापासून त्याला कित्येक महिन्यांत पहिल्यांदा नीट झोप लागली होती. तिने एकदा जोराने मारावं, सगळ्यांसमोर, दात हलेल असं. मारलं म्हणजे ती परत अरे-तुरेवर येईल, निदान शिवी देईल, असं त्याला वाटत होतं.

काकी तयार होईल असं कुणाला वाटलं नव्हतं. पण अजितने तिला काय सांगितलं कोण जाणे, ती दुपारची सरावाला आली. नऊवारी नेसलेली, पदर खोचलेला. वरद तिला समजावून सांगत होता. हात गालावर मारायचा नाही, मानेच्या खाली, खांद्याच्या खोबणीत न्यायचा. कॅमेरा पाठीमागून असतो, कळत नाही. आवाज विनीत स्वतःच्या मांडीवर थाप मारून काढेल. काकी लक्ष देऊन ऐकत होती. तिने हात कसा वळवायचा ते तीनदा विचारून घेतलं. मसाल्यात मीठ किती घालायचं हे विचारावं तितक्या शांतपणे.

वरद बाजूला झाला तेव्हा विनीत हळूच म्हणाला, "काकी, तेव्हा खरी मारा. मला चालेल. कुणाला कळणारसुद्धा नाही."

तिने पदर पुन्हा नीट खोचला आणि हात कसा वळवायचा ते एकदा करून पाहिलं.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल पहिल्यापेक्षा जास्त भरला. विनीत रिंगकडे निघाला तेव्हा लोकांनी पाण्याच्या बाटल्या फेकल्या. अजितला आणलं तेव्हा सगळे उभे राहिले, बायका रडल्या. गिरणगाव ब्रदर्सचं म्युझिक लागलं आणि तो आवाज झाला. विनीतने रिंगमधून पाहिलं, अजितचे डोळे मिटलेले होते आणि चेहरा उजळला होता. अर्णवबरोबरची कुस्ती ठरल्याप्रमाणे झाली. कापड या वेळी साधं होतं. मग विनीत खाली उतरला, खुर्चीपाशी जाऊन अजितवर वाकला आणि ठरलेले दोन घाणेरडे शब्द बोलला. काकी उठली.

हॉल एका सुरात मार, मार म्हणत होता. काकीने हात मागे घेतला. विनीतने गाल पुढे केला, जरा जास्तच. हात आला आणि ऐन वेळी वळला, शिकवला होता तसाच, आणि त्याच्या खांद्याच्या खोबणीत अलगद टेकला. तान्ह्या पोराची ढेकर काढताना टेकावा तितका हलका. विनीतला मांडीवर थाप मारायची आठवण उशिरा झाली. तरी लोकांना ते दिसलं नाही. एवढा कल्लोळ झाला. तो ठरल्याप्रमाणे कोलमडला. अर्णवने त्याला टेकवलं, मनूने तीन मोजले.

आत कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी काकी थांबली होती. विनीत समोर आला तेव्हा तिने विचारलं, "तुम्हाला लागलं नाही ना?"

"नाही," विनीत म्हणाला.

"बरं झालं," ती म्हणाली आणि अजितची खुर्ची ढकलत निघून गेली.

तो कार्यक्रम इतका चालला की वरदने आईची थप्पड कायमचीच करून टाकली. दर दोन-तीन महिन्यांनी पे-पर-व्ह्यू व्हायचा, दर वेळी विनीत काहीतरी नीचपणा करायचा आणि शेवटी काकी उठायची. तिचा हात आता सराईत झाला होता. जाहिरातीत तिचा फोटो मोठा, विनीतचा लहान. दर वेळी वाकताना विनीतला वाटायचं, आज. आणि दर वेळी तो हात खांद्याशी येऊन टेकायचा. बाहेर गॅलरीत भेट झाली तर ती बाजूला सरून त्याला वाट द्यायची.

अजित मात्र खंगत चालला. पाठीला जखमा झाल्या, मग छातीत कफ भरायला लागला. पुढच्या पावसाळ्यानंतरच्या कार्यक्रमाला तो इस्पितळात होता. निवेदकाने हॉलमध्ये सांगितलं की अजित मृत्यूशी झुंज देतो आहे. लोकांना तो कथेचाच भाग वाटला, त्यांनी विनीतला आणखी शिव्या घातल्या. काकी एकटीच आली होती. अजितनेच पाठवलं, असं ती वरदला म्हणाली. तिने आपलं काम केलं, पिशवी घेतली आणि टॅक्सीसाठी दारात जाऊन उभी राहिली. विनीतने मी सोडतो, मलाही त्याला बघायचंय, असं म्हणून पाहिलं. त्याला झोप लागली असेल, तुम्ही कशाला त्रास घेता, असं म्हणत तिने टॅक्सीला हात केला.

त्याच आठवड्यात अजित गेला. विनीतने खांदा दिला. त्याला कुणी अडवलं नाही आणि त्याच्याशी कुणी बोललंही नाही. वरदने पुढचा कार्यक्रम अजितच्या नावाने करायचं जाहीर केलं आणि काकीला विचारलं. तिने नाही म्हणून सांगितलं. आता कुणासाठी करायचं, असं म्हणाली. खोली पुतण्याला देऊन ती कणकवलीला भावाकडे निघाली.

निघायच्या दिवशी पुतण्याला सुट्टी मिळाली नाही. म्हणून विनीतने तिच्या दोन पिशव्या आणि ट्रंक खाली आणली, परळच्या डेपोपर्यंत नेली. तिने नको म्हटलं नाही. वाटेत तो बोलायला म्हणून दोन-तीनदा थांबला, पण ती पुढे चालत होती. बस लागली. त्याने ट्रंक वर चढवली, पिशव्या तिच्या सीटखाली सरकवल्या. काकी खिडकीपाशी बसली. पदराने तोंड पुसलं आणि त्याला म्हणाली, "तुम्ही निघा आता. उशीर होईल तुम्हाला."

बस सुटेपर्यंत विनीत खाली उभा राहिला. ती समोर बघत होती. बस गेल्यावरही तो थोडा वेळ डेपोत रेंगाळला, आणि मग सरावाची वेळ झाली म्हणून निघाला.